आमची वाटचाल : मिरकरवाड्यातलं इंजिनाचं दुकान आणि भिंतीवरचे पाने

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं मरीन डिझेल इंजिन रिपेअरिंगचं वर्कशॉप आहे. 1998 ला दोघांनी पार्टनरशिपमध्ये सुरू केलं, मी लेथवरचा माणूस आणि तो फिटर. हात त्याचा चांगला, हे मी आजही नाकारत नाही. पहिली बरीच वर्षं नीट गेली, इंजिनं उतरवली, बांधली, चढवली, कधी पैसे आले, कधी पैशांच्या जागी पापलेट आलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते 2016 च्या मे महिन्याबद्दल.

धंद्यातल्यांना मे काय असतो ते सांगायला नको. 1 जूनला मासेमारी बंदी लागते ती 31 जुलैपर्यंत, होड्या वर ओढल्या जातात, आणि वर्षभर "चालतंय ना, चालू दे" म्हणणारा प्रत्येक शेट नेमका त्याच दोन महिन्यांत इंजिन आणून टाकतो. आमची वर्षाची निम्मी कमाई तिथे. अशा मेच्या शेवटच्या आठवड्यात पार्टनर उठला, दोन फिटर सोबत घेतले आणि जेट्टीच्या तोंडाशी गाळा घेऊन बसला. गाळ्याचा ॲडव्हान्स त्याने दिवाळीतच दिला होता म्हणे. त्याच दिवाळीत आमच्याकडे फराळ करून गेला होता. असो.

फिटर जातात, दुसरे मिळतात. पण तो जाताना सगळं स्टोअर डोक्यात घेऊन गेला. 0.50 अंडरसाईझची, म्हणजे घासलेल्या क्रँकला लागणारी, बेअरिंगं कुठेयत विचारलं की तो न बघता मागच्या फळीवर रंगाच्या डब्यामागे हात घालायचा आणि काढून द्यायचा. आता फळी होती, डबे होते, बेअरिंगं काही मिळेनात. डायल गेज मिळेना, टॉर्क रेंच मिळाला तर त्याचा सॉकेट मिळेना, आणि खाली जमिनीवर उघडलेली इंजिनं पसरलेली, कोणाची कॅप, म्हणजे बेअरिंगवर आवळायचं झाकण, कोणाची काही पत्ता नाही. मेन बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकवर आवळूनच बोअर केलेल्या असतात, एका जागची दुसरीकडे चालत नाही, कनेक्टिंग रॉडचंही तेच, म्हणजे कॅपेवरचा नुसता नंबर पुसट झाला तरी आख्खा दिवस गेला. एक शेट तर उघडलेलं इंजिन पोत्यात भरून त्याच्याकडे घेऊन गेला, माझ्यासमोर. आणि पार्टनर तिकडे चहा पीत सगळ्यांना सांगतोय, तिथे आता पाना मिळायची पंचाईत आहे. जुलै संपेपर्यंत बंदरातली निम्मी गिऱ्हाईकं तिकडे, बँकेचा हप्ता थकलेला आणि मंडळींचे दागिने पतपेढीत.

त्यात एक चाचा राहिले. दोन ट्रॉलर त्यांचे, आणि दोन्ही इंजिनं माझ्या जमिनीवर. पार्टनर त्यांच्या घरी जाऊन रेट कमी सांगून आला होता, हे चाचांनीच मला सांगितलं. एक दिवस दुपारी आले, क्रेट उलटा घालून बसले, आमची 24-27 च्या पान्याची शोधाशोध बघत राहिले. मग म्हणाले, "होडीवर रात्री दिवा गेला तरी खलाशाने हात घातला की दोर हाताला लागायला पायजे, नायतर माणूस जातो. तुमच्याकडे दिवसा ट्यूब लावून पाना मिळत नाय. शोध, मी बसलोय." आणि खरंच बसून राहिले. इंजिनं उशिरा गेली, होड्या उशिरा समुद्रात उतरल्या, तरी बिल पूर्ण दिलं. हे मी विसरणार नाही.

त्या गणपतीत भाचा आला. चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत सुपरवायझर, त्याने दुकान बघितलं आणि म्हणाला मामा तुमच्याकडे फाइव्ह एस लावूया. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, म्हणजे निवडा, लावा, पुसा, ठरवा आणि मोडू नका. आरतीनंतर बसून टोयोटाचं सगळं सांगत होता, ताइची ओनो म्हणून त्यांचा माणूस, त्याने अमेरिकन सुपरमार्केटची पद्धत घेतली, फळीवरून जेवढं उचललं तेवढंच परत भरायचं, त्यातून कानबान आलं, म्हणजे माल संपल्याची खूण हीच पुढची ऑर्डर, वगैरे. मला त्यातलं एकच पटलं, की माल कुठेय ते भिंतीने सांगायला हवं, माणसाने नाही. भिंत उठून जेट्टीवर जात नाही.

विसर्जनानंतर सुरुवात लाल चिठ्ठ्यांपासून. ज्या वस्तूचं काम काय ते कोणी सांगू शकत नाही तिला लाल चिठ्ठी, तारीख घालून कोपऱ्यात, महिनाभर कोणी मागितली नाही की भंगारात. गंजलेले लायनर, कुठल्या मॉडेलचे माहीत नाही असे गॅस्केट, नोझल, भंगारवाल्याचा टेम्पो भरला, आणि त्या ढिगाखाली ती 0.50 ची बेअरिंगं निघाली, कागदात गुंडाळलेली, नवी कोरी.

मग पाने टांगायचा बोर्ड. इथे पुस्तकातलं जसंच्या तसं चालत नाही हे लिहून ठेवा. चाकणला प्लायवर विनाईलचे स्टिकर लावतात, आपल्याकडे पहिल्याच पावसात प्लाय फुगला आणि स्टिकर सोलून पान्यावर चिकटले. आता जीआय पत्रा आहे, त्याला आधी प्रायमर, मग पांढरा ऑइलपेंट, वर प्रत्येक पान्याची सावली काळ्या रंगात ब्रशने काढलेली. हूक पण गॅल्व्हनाइझचे. जमिनीवरची पिवळी टेप डिझेलने उठते, तिथेही रंगच मारा. संध्याकाळी प्रत्येक पाना तेलाच्या फडक्याने पुसूनच हुकावर जातो, खारं वारं आहे, एका रात्रीत लाली धरते. मायक्रोमीटर आणि बोअर गेज डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट, आणि पुडी अधूनमधून बदला, तशीच ठेवून देऊ नका. प्रत्येकाला नावाची पितळी टोकनं दिली, पाना काढला की त्या जागी टोकन. संध्याकाळी बोर्डाकडे बघितलं की कोणाकडे काय ते कळतं, विचारायची गरज नाही.

प्रत्येक इंजिनाला स्वतःचा ट्रे, त्यावर होडीचं नाव, कॅपा नंबराने, पुशरॉड भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमाने. समोर होड्यांचा फळा : उतरवलं, उघडलं, मशीनशॉप, पार्ट, बांधणी, ट्रायल. फिटर अडला तर इंजिनावर लाल झेंडा लावतो, टोयोटात मदतीला दोरी ओढतात तसंच, आणि झेंडा दिसला की मी हातातलं सोडून जायचं हा नियम मलाच लागू. शेट लोक येतात, फळा बघतात, न विचारता परत जातात. फोन निम्मे झाले.

फिल्टर, ओरिंग, पाण्याच्या पंपाचे रबरी इंपेलर यांना प्रत्येकी दोन डबे, एकामागे एक. पुढचा रिकामा झाला की दारावर लटकवायचा, तीच ऑर्डर. फक्त माल कोल्हापूरहून येतो आणि पावसात आंबा घाटाचा भरवसा नाही, म्हणून जून-जुलैला मागचा डबा मोठा. कमी स्टॉक ठेवा असं भाचा म्हणाला होता, त्याला म्हटलं तू घाटात दरड पडलेली बघ, मग बोल.

पार्टनरने बंदरात काय पसरवलं, तर "तिथे आता रंगकाम चालतं, इंजिनाचं काम होत नाही". 2017 च्या बंदीत चाचांची दोन्ही इंजिनं जुलै उजाडायच्या आत ट्रायलला लागली आणि ते जेट्टीवर सगळ्यांना सांगत फिरले, मी सांगायला गेलो नाही. गिऱ्हाईकं हळूहळू परत आली, पोतंवाला शेट सुद्धा, त्याचा ट्रे मी मुद्दाम दाराशी ठेवला. दागिने सोडवले. पुढे लॉकडाऊन, निसर्ग आणि तौक्ते ही वादळं, ते सगळ्यांनीच भोगलं.

काजूवाले, आंबा कॅनिंगवाले विचारतात म्हणून सांगतो, आणि न विचारणाऱ्यांनाही सांगतो : बोर्ड विकत आणू नका, स्वतःच्या माणसांकडून रंगवून घ्या. सावली सगळ्यात लहान हेल्परने काढायची, मग तोच सगळ्यांवर ओरडतो. बोर्डाला काचेचं दार आणि कुलूप लावू नका. असलीच शिस्त लावायला सरकारची छोट्या उद्योगांसाठीची (एमएसएमई) लीन योजना 2023 ला नव्याने आली आहे, सल्लागाराच्या खर्चाचे 90 टक्के केंद्र देतं, घ्यायची तर घ्या, पण सल्लागाराला जुलैत बोलवा, मार्चमध्ये सगळ्यांचंच दुकान स्वच्छ असतं.

पार्टनरच्या गाळ्यातही आता सावलीवाला बोर्ड आहे. त्याचा हेल्पर आमच्याकडे येऊन मोबाईलवर फोटो काढून गेला होता, मी बघितलं, काही बोललो नाही. गेल्या सीझनला त्याच हेल्परला त्याने आमचा मोठा गिअर पुलर, म्हणजे गिअर ओढून काढायचं हत्यार, मागायला पाठवलं, चिठ्ठी नाही, फोन नाही. दिला. बंदरात एकमेकांना नाही म्हणत नाहीत. पण नियम तो नियम, पार्टनरच्या नावाचं टोकन पाडून घेतलं आणि पुलरच्या सावलीवर लावलं. कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं हे कोणाचं, आम्ही सांगतो. पुलर अजून आलेला नाही.