बाईंचा विज्ञानाचा तास

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. लिहायला बसले आणि बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की सातवीचं विज्ञान, हे आमच्या वेळच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आमची पुस्तकं हिंदी, घरचं बोलणं मराठी. पुस्तकातला 'परमाणु' म्हणजे घरचा अणू आणि पुस्तकातला 'अणु' म्हणजे रेणू! बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्हीकडचे शब्द आमच्याकडून उतरवून घेतले. ठोस–स्थायू, तत्व–मूलद्रव्य, यौगिक–संयुग. पुढे पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्यापैकी कुणाचं या शब्दांपायी अडलं नाही. मात्र नुसती व्याख्या घोकून आलेल्याची सुटका नसे. "पाण्याचा रेणू फोडला तर काय मिळेल?" "हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक." "मग ते पाणी राहिलं का गं?" याचं उत्तर आल्याशिवाय बाई खाली बसू देत नसत.

एकदा त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी होतं, त्यात ५० मिलिलिटर स्पिरिट ओतायचं होतं. "डोळा पातळीला आण. कड नको बघूस, मधला खोलगट भाग बघ." मी ओतलं, ढवळलं, वाचलं. पातळी ९७ च्या आसपास! मागच्या बाकांवरून लगेच आरडाओरडा, "बाई, हिनं सांडलं!" मला रडू फुटायच्या बेतात होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "नीट पाहिल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. आता पाण्यात पाणी ओत." ओतलं, तर बरोबर १००. पुन्हा पाण्यात स्पिरिट, पुन्हा ९७. वर्ग चिडीचूप.

मग त्यांनी समजावलं. शेंगदाण्यांच्या बरणीत साखर ओतली तर ती फटींमध्ये शिरते, तशाच द्रवाच्या कणांमध्येही मोकळ्या जागा असतात. शिवाय पाण्याचे आणि स्पिरिटचे रेणू एकमेकांना ओढून घेतात, म्हणून ते जास्त जवळ बसतात. वजन मात्र तेवढंच भरतं. तेही त्यांनी तराजूवर दाखवलं.

१९८४ साली इंदुरात कॅट या प्रगत तंत्रज्ञानाच्या संशोधन केंद्राची, म्हणजे आजच्या राजा रामण्णा केंद्राची, पायाभरणी झाली. त्याची बातमी बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती. आज मी मिश्रधातूंवर काम करते आणि नमुने घेऊन त्याच केंद्रातल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रावर जाते. सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. त्या किरणांवरून धातूतल्या दोन अणूंमधलं अंतर काढता येतं. हे काम माझ्या हातून होतंय ते बाईंमुळे, दुसरं कारण मला दिसत नाही.

मध्यंतरी शाळेत गेले होते. प्रयोगशाळेच्या जागी आता पडदा आहे. कण हलताना त्यावर सुरेख दिसतात, पण मुलांच्या हातात काचेचं एकही भांडं दिसलं नाही. फार वाईट वाटलं. आमच्या तुकडीनं मोजपात्रं, तराजू आणि परीक्षानळ्या घेऊन द्यायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांनी सातवीचा एखादा शनिवारचा तास मला द्यावा, स्पिरिट मी घेऊन येईन.