दोन ग्लास आणि आमच्या रानातलं ढेकूळ

मी ९६ च्या दहावीच्या बॅचचा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा सहल, गॅदरिंग, रिझल्ट असलं काही आठवलंच नाही, डोळ्यासमोर आले ते टेबलावरचे दोन काचेचे ग्लास.

आठवीत होतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मातीचे एक शास्त्रज्ञ शाळेत येणार होते आणि आदल्या दिवशी निरोप आला की घरच्या रानातलं एकेक वाळलेलं ढेकूळ आणा. मी उसाच्या रानातलं नेलं, काळंभोर, मनात पक्कं की आपलंच भारी ठरणार. साहेबांनी ते एका ग्लासातल्या पाण्यात सोडलं आणि दुसऱ्यात शाळेमागच्या बांधावरचं, गवताच्या मुळ्या लोंबणारं. थोड्याच वेळात माझ्या ढेकळाचा चिखल होऊन तळाला बसला, पाणी गढूळ. बांधावरचं जसंच्या तसं. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच घरी ऊस. साहेब म्हणाले, बांधावर नांगर फिरत नाही, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला पेटत नाही, गवताची मुळं आणि मातीतले जीव कणाला कण धरून ठेवतात. आणि काळी दिसते म्हणून कसदार समजू नका, आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून येणारा कार्बन, बऱ्याचदा कमीच असतो.

घरी आबांना सांगितलं तर ते भडकले. "आमच्या आज्यापासून पिकतीय ती, आता गिलासात बघून कळतं व्हय?"

पुढे मी त्याच विद्यापीठात मृदशास्त्र घेऊन एमएस्सी केलं ते त्या ग्लासामुळेच, खरंच सांगतो. तिथं कळलं की एवढीशी माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात आणि आपण पाटाचं पाणी मोकाट सोडून, निचरा न बघता, काही वर्षांतच ती चोपण, म्हणजे चिकट आणि पाणी न मुरणारी, करून ठेवतो. पण हे फक्त आम्हाला कळून काय उपयोग? २०१५ साली मृद आरोग्य कार्डाची योजना आली, १२ गोष्टींची तपासणी, चांगलीच गोष्ट. आबांनाही कार्ड मिळालं. मी सुट्टीत घरी गेलो तर ते कॅलेंडरच्या मागं खोचलेलं. देणाऱ्याने हातात दिलं, सही घेतली आणि गेला, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल) म्हणजे काय, ईसी (मातीतले विरघळणारे क्षार किती) म्हणजे काय, एक अक्षर सांगितलं नाही, आणि बागायतीत तेव्हा अडीच हेक्टरला एक नमुना घ्यायचे म्हणजे ती माती आपल्याच वावरातली असेल असंही नाही हे तर दूरच. याचा मला अजून राग येतो.

मग आम्ही दोघांनीच नमुना घेतला. आबा शेणखताच्या ढिगाजवळ उभे राहून म्हणाले इथली घे, इथली चांगली हाय! नेमकी तिथलीच घ्यायची नसते, बांधाकडेची नाही, झाडाखालची नाही. नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती घमेल्यात, मग गोणपाटावर ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत शेवटी अर्धा किलो उरते. रिपोर्ट आला, कर्ब ०.३८ टक्के. कमी. आबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. त्या वर्षीपासून आमच्याकडे पाचट जाळलेलं नाही, सरीतच कुजवतो.

आता ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो (थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल यांचा हा जन्मदिवस, नावातच भूमी बघा) तेव्हा मी शाळाशाळांत जातो. घटस्थापनेला घटाखाली रानातली माती आणतो, ती कुठून आणता हे आधी विचारतो, पोरं लगेच बोलायला लागतात. मग ग्लास काढतो.

सुवर्णमहोत्सवाला येतोय. त्या बांधावर अजून गवत असेल तर एक ढेकूळ काढून सावलीत वाळवून ठेवा, दुसरं मी आमच्या रानातलं आणतो, आबाही येणार आहेत.