शिल्पाचे चार तुकडे

संग्रहालयात मी रजिस्ट्रार आहे. कलाकृती आत आली किंवा बाहेर निघाली की तिची कागदपत्रं, विमा, क्रेट, कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या स्थितीची नोंद), सगळं माझ्या गळ्यात.

त्या दिवशी परदेशातल्या प्रदर्शनासाठी एक शिल्प निघणार होतं. माणसाएवढा मॅनेकिन, अंगात अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचा कोट, हातात पितळी दुर्बीण आणि डोक्याच्या जागी पृथ्वीगोल. विषय १७६९ सालचं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा ठिपका सरकणं. कॅप्टन कुक ते बघायला ताहितीला गेला. सूर्याचं अंतर काढायचं होतं, रॉयल सोसायटीचा पुढाकार होता. सोबत नौदलाचे गुप्त आदेशही होते : हे काम उरकलं की दक्षिणेकडचा खंड शोधायचा. पुढच्याच वर्षी त्यानं ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा ब्रिटिश राजाच्या नावावर करून टाकला. शिल्पकारानं यातलं काहीच लिहिलेलं नाही. फक्त कोट निळ्या लोकरीऐवजी भडक ‘वॅक्स प्रिंट’चा शिवलाय.

कंडिशन रिपोर्ट नवीन मुलगी लिहीत होती. भिंग लावून बाहीवर वाकली आणि म्हणाली, “ताई, रंगात सगळीकडे तडे आहेत. दोष म्हणून नोंदवू?” मी कोटाची कड उलटून दाखवली. आतूनही तीच नक्षी, तितकीच गडद. अस्सल वॅक्स प्रिंटला दोन्ही बाजूंनी राळ लावतात, ती तडकते, त्या फटींतून रंग झिरपतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उठतात. स्वस्त छपाईत मागची बाजू फिकी पडते. डच कारखानदारांनी इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची, यंत्रावर नक्कल केली. जावात या रेषा खोट वाटल्या, पश्चिम आफ्रिकेत मात्र याच कापडावर उड्या पडल्या. आज जग त्याला ‘आफ्रिकन’ म्हणतं. ब्रिटिश-नायजेरियन कलाकार यिंका शोनिबारे यांनी ते लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून उचललं आणि बिनडोक्याच्या व्हिक्टोरियन पुतळ्यांना चढवलं, तेव्हापासून कलादालनांत ते ओळखीचं झालंय. “तडे लिही,” मी म्हटलं, “पण दोषाच्या रकान्यात नको, वर्णनात.”

एवढ्यात कस्टम्सचे कागद करणाऱ्या क्लिअरिंग एजंटचा फोन.

“मॅडम, हे एकच आयटम म्हणून जाणार नाही. मॅनेकिन कस्टम्सच्या ९६१८ कोडमध्ये. कोट कपड्यांत, ६२ मध्ये. दुर्बीण ९००५, गोल ४९०५. आणि कापडाचा मूळ देश टाका.”

मूळ देश! जावा, हॉलंड, घाना की ब्रिक्स्टन? पण तो वाद त्याच्याशी घालण्यात अर्थ नव्हता. त्याला चारच्या आत फाईल पुढे सरकवायची होती. मी सरळ कायद्यावर आले. मूळ शिल्पं, कोणत्याही साहित्याची असोत, ९७०३ मध्ये येतात. एकदा शिल्प झालं की कोट कोट राहत नाही. तो बधेना. मग शिल्पकार ब्रांकुशीचा दाखला दिला. १९२६ साली त्याचा ब्राँझचा पक्षी न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा पंखबिंख काही दिसेनात म्हणून कस्टम्सनं तो स्वयंपाकघरातल्या भांड्यांबरोबर धरला आणि ४० टक्के कर लावला. खटला चालला, १९२८ मध्ये कोर्टानं शिल्प म्हणून मान्य केलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट तोंडपाठ असावी लागते, दर दोन-चार वर्षांनी कामाला येते.

“क्युरेटरचं पत्र द्या,” तो म्हणाला. पत्र गेलं. मूळ देशाच्या रकान्यात शिल्पकाराचा स्टुडिओ जिथं आहे तो देश टाकला, कारण वस्तू घडली तिथं. नियमाला तेवढं पुरतं. कापडाचा प्रवास मी क्युरेटरच्या पत्राखाली टीप म्हणून जोडला. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

क्रेटचं झाकण लागणार तोच पुन्हा फोन.

“मॅडम, गोलावर सीमा बरोबर आहेत ना? चुकीच्या सीमा असल्या तर काही देशांत माल अडवतात.”

मी खुर्चीवर चढून बघितलं. गोलावर कुकच्या आधीचा नकाशा होता.

“सीमा नाहीत,” मी म्हटलं. “ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनाराच नाहीये.”

“मग काही प्रॉब्लेम नाही,” तो म्हणाला, आणि फाईल सुटली.