फणसाडच्या रानात बिनडब्याचा खजिना

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे परत. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली गेली.

मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात मात्र डबाबिबा नको. रानात काही ठेवायचं नाही, रानातून काही आणायचं नाही. म्हणून भावाने खेळ बिनडब्याचा मांडला: मोबाइलवर ठिकाण, तिथे पोचलं की एक प्रश्न. मला हाच प्रकार जास्त आवडला.

सुपेगावला तिकिटं काढली, वाटाड्या घेतला. आत रेंज नाही, पण जीपीएसला ती लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. दाट झाडीत बाण इकडेतिकडे उड्या मारतो, मग फोन खिशात आणि डोळे कामाला.

गारंबीच्या वेलापाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. मांडीएवढा वेल पीळ देत झाडावरून झाडावर गेलेला, लोंबणाऱ्या शेंगा जवळजवळ आमच्या धाकटीएवढ्या. प्रश्न: एका शेंगेत बिया किती? पुतण्या पाचोळ्यात पडलेल्या शेंगेचे कप्पे बोटाने मोजत होता, धाकटी मुद्दाम मध्येच भलते आकडे म्हणत होती. बी चपटी, तपकिरी, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत.

"आत्या, एकच नेऊ?"

"अजिबात नाही. ठेव खाली."

इतिहासाचं उत्तर वाटाड्याकाकांकडून काढायचं होतं. हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. "म्हणजे शिकारी इथेच लपून बसत असणार," पुतण्याने गाणापाशी निकाल दिला. मारण्यासाठी राखलेलं रान म्हणूनच वाचलं असावं, हे पोरांना सांगताना माझी जीभ जरा अडखळलीच.

शेकरूची घरटी मोजण्यावरून दोघांचं भांडण झालं. शेकरू काही दिसलं नाही.

खरा डबा भावाच्या वाडीत, सुपारीच्या झावळ्यांआड. डब्यातली वस्तू घ्यायची तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. धाकटीने शिट्टी घेतली आणि खोडरबर ठेवला. खाऊ ठेवायचा नाही, उंदीर लागतात. शिट्टी मुरुड सुटेपर्यंत वाजत होती.