कथेतला तिसरा दिवस

मी नऊ वर्षे मराठी चित्रपटांसाठी सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते आहे आणि ‘म्हणजे नेमके काय करतेस?’ हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो. ‘दिग्दर्शकाला मदत करते’ एवढे उत्तर देऊन मी आजवर वेळ निभावली. या कामाविषयी मला मनापासून आस्था आहे, म्हणून आज त्याचे सविस्तर उत्तर लिहिते आहे.

चित्रपट पडद्यावर ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने तो चित्रित होत नाही, इथून सगळ्याची सुरुवात होते. एखादा वाडा ४ दिवसांसाठी भाड्याने मिळालेला असेल, तर त्या वाड्यात घडणारे सगळे प्रसंग, मग ते कथेच्या आरंभीचे असोत की शेवटचे, त्याच ४ दिवसांत उरकावे लागतात. सकाळी आजोबांच्या तेराव्याचा प्रसंग आणि दुपारी त्याच आजोबांची हसतीखेळती दिवाळी, असा दिवस मी पाहिलेला आहे. अशा वेळी दिग्दर्शकाचे लक्ष अभिनयावर असते, छायालेखकाचे प्रकाशावर आणि कलाकाराचे स्वतःच्या भूमिकेवर. आपण या क्षणी कथेत कुठे आहोत, काय घडून गेले आहे आणि काय घडायचे आहे, हा हिशेब ज्याने सतत डोक्यात बाळगायचा तो सहायक दिग्दर्शक.

हा हिशेब चित्रीकरणाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतो. पटकथा हाती आली की आम्ही तिचे ब्रेकडाउन करतो, म्हणजे प्रत्येक प्रसंगाला कोणते कलाकार, कोणते कपडे, कोणत्या वस्तू, किती गर्दी, दिवस की रात्र, याची फोड करून तक्ता बनवतो. पटकथेचे पान आठ भागांत विभागून प्रसंगाची लांबी मोजण्याची पद्धत आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा ढोबळ अंदाज. त्या तक्त्यात माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा रकाना ‘कथेतला दिवस’ हा असतो. प्रसंग क्रमांक ९ ते १४ कथेच्या तिसऱ्या दिवशी घडतात, असे एकदा नोंदवले की त्या सहाही प्रसंगांत नायकाचा सदरा एकच राहिला पाहिजे, दाढी तेवढीच वाढलेली दिसली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी झालेली जखम अजून ओली असली पाहिजे.

या रकान्याचे मोल मला एका चुकीने शिकवले. नायक भर पावसात शेताच्या बांधावरून घरी येतो, असा प्रसंग होता. बाहेरचा भाग आम्ही आधी चित्रित केला आणि घरात शिरण्याचा भाग ११ दिवसांनी. सदरा ओला हवा हे माझ्या वहीत होते. कपडेपटाने सदऱ्याचे तीन जोड ठेवले होते, एक कोरडा, एक ओला, एक चिखलाने माखलेला. मात्र तो बांधावरून चालत आला आहे, म्हणजे त्याचे पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले असणार, हे मी लिहिले नव्हते. कलाकार स्वच्छ पायांनी उंबरठा ओलांडून आत आला आणि सेटवरच्या पन्नासेक माणसांपैकी कुणाच्याही ते लक्षात आले नाही. रात्री फोटो लावून बघताना मला ते दिसले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी तडक दिग्दर्शकांच्या खोलीवर जाऊन चूक सांगितली आणि दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट त्या एका शॉटसाठी खर्ची पडली. त्या दिवसापासून मी ‘पात्राने काय घातले आहे’ याच्या आधी ‘पात्र कुठून आले आहे’ हे लिहिते.

कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधले तपशील दुसऱ्या शॉटशी तंतोतंत जुळते ठेवण्याची, खरी परीक्षा जेवणाच्या प्रसंगात होते. चुलीपाशी बसून एक म्हातारा पिठले-भाकरी खातो आणि मुलाशी बोलतो, एवढाच प्रसंग. पण आधी पूर्ण चौकटीतून, मग म्हाताऱ्यावर, मग मुलावर आणि शेवटी ताटातल्या हातावर, असा तो चार कोनांतून टिपायचा असतो. पहिल्या वेळी म्हाताऱ्याने ‘जमीन विकायची नाही’ म्हणताना कांदा बुक्कीने फोडला असेल, तर प्रत्येक वेळी तो त्याच शब्दावर फुटला पाहिजे. भाकरीचा पापुद्रा किती उरला होता, पिठल्याचा ओघळ ताटाच्या कुठल्या बाजूला होता, तांब्या उजवीकडे होता की डावीकडे, हे सगळे मी फोटो काढून आणि शब्दाशब्दाला खूण करून ठेवते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना त्या प्रसंगासाठी आम्ही ३० भाकऱ्या सांगितल्या होत्या. त्यांना आधी ते नवल वाटले, पण दुपारी त्या स्वतःच माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “ताई, मघाशी मिरची ताटात होती, आता दिसंना.” त्यांचे बरोबर होते.

नवा मुलगा किंवा मुलगी या कामात येते तेव्हा बहुधा हाती क्लॅप, म्हणजे प्रसंगाचा आणि शॉटचा आकडा लिहिलेली, वर मिटणारी पट्टी असलेली पाटी, दिली जाते. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांवर नोंदले जात असल्याने, क्लॅपची पट्टी मिटल्याची चौकट आणि तो ‘टक्’ आवाज एकमेकांवर बसवून संकलक दोन्ही जुळवतो. आकडा चुकीचा लिहिला गेला तर संकलनाच्या खोलीत कुणाचे तरी तास वाया जातात, म्हणून हे काम कमी प्रतीचे मानू नये, असे मी नव्यांना कळकळीने सांगते.

वेळ राखणे ही पहिल्या, म्हणजे सहायकांमधल्या मुख्य, सहायकाची जबाबदारी. वाईच्या परिसरात काम करताना फोनवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ उपयोगी पडत नाही, कारण सूर्य त्याआधीच डोंगराआड जातो; म्हणून जागा पाहायला जातानाच, ऊन ओसरीवरून किती वाजता उतरते, हे आम्ही घड्याळ लावून टिपतो. लहान मुले असतील तर हिशेब आणखी कडक होतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसातून ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. हा नियम मला अतिशय योग्य वाटतो आणि ‘अजून एकच टेक’ असा आग्रह झाला की नाही म्हणण्याचे काम मी आनंदाने करते. नाही म्हणणे, तेही योग्य वेळी, योग्य माणसाला आणि आवाज न चढवता, ही या व्यवसायातली सगळ्यांत अवघड विद्या आहे. पाऊस येणार, कलाकार थकला आहे, आज तीन प्रसंग होणार नाहीत, दोनच होतील, हे दुपारी १ वाजता सांगितले तर दिग्दर्शक मार्ग काढतो; तेच सायंकाळी ५ वाजता सांगितले तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

गर्दी हलवणे हा माझा विशेष आवडीचा भाग. आठवडी बाजाराच्या प्रसंगात १०० माणसांना ‘इकडून तिकडे जा’ म्हटले, तर १०० माणसे नुसती चालतात आणि पडद्यावर ते कवायतीसारखे दिसते. त्याऐवजी ‘तुम्हाला शेवटची एसटी गाठायची आहे’, ‘मावशी, तुमचे वांग्यांच्या भावावरून वाजले आहे’ असे एकेकाला काम दिले की बाजार जिवंत होतो.

सहायक दिग्दर्शक म्हणजे दिग्दर्शक होण्याची पायरी, असे सरसकट मानले जाते आणि त्याला आधारही आहे. गुरुदत्त यांनी पुण्याच्या प्रभातमध्ये असताना १९४५ मध्ये विश्राम बेडेकरांचे सहायक म्हणून काम केले होते. तरीही हे स्वतंत्र कसब आहे, यावर माझा ठाम विश्वास आहे. १९३० च्या दशकात काही वर्षे ऑस्करमध्ये सहायक दिग्दर्शकासाठी वेगळा पुरस्कार दिला जात असे. १९३७ च्या चित्रपटांनंतर तो बंद झाला. आपल्याकडे श्रेयनामावलीत आमची नावे झरझर सरकतात आणि कमी खर्चाच्या चित्रपटात कपडेपट, कंटिन्युइटी आणि गर्दी हे तिन्ही एकाच व्यक्तीच्या गळ्यात पडते, याचे मला वाईट वाटते.

पॅकअप झाल्यावर दुसऱ्या दिवसाची कॉल शीट बनवणे हे दिवसाचे शेवटचे काम. कोणाला किती वाजता गाडी, कोण आधी मेकअपला, कोणता प्रसंग पहिला, हे सगळे लिहून ती प्रत्येकाच्या फोनवर जाते. सध्याच्या गावात आम्ही जागेवरचाच आवाज नोंदवत आहोत आणि वाड्याच्या मागे पिठाची गिरणी आहे. आज सायंकाळी मी गिरणीवाल्या काकांकडे जाऊन बसले, चहा घेतला, आणि उद्याची दळणे कोणकोणाची आहेत ते विचारून घेतले. कॉल शीटच्या तळाशी आत्ताच ओळ घातली आहे : ‘गिरणी सकाळी ९ ते ११ बंद. प्रसंग १२ याच वेळेत. पाय चिखलाचे.’

रात्रीचे ११ वाजून गेले आहेत; पहाटे ५ ला गाडी आहे.