नावे संपण्याआधीच

पडद्यावर छायालेखकाचे नाव उमटले आणि त्याच क्षणी दिवे लागले, दारे उघडली, पडदा कोरा झाला. काल रात्री सांगलीतल्या एका चित्रपटगृहात हे घडले. झाडू घेऊन आलेल्या मुलाला मी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "पिक्चर संपला की काका, नावं कोण वाचत बसतंय?"

त्याचा दोष मुळीच नाही. पुढच्या खेळाआधी त्याला सगळ्या रांगा झाडायच्या होत्या. पण ते वाक्य काही मनातून जाईना. चित्रपटात पावसाचा एक प्रसंग होता, ज्यात पत्र्यावर पडणारे थेंब आणि कौलांवरून ओघळून अंगणात पडणारे थेंब अगदी वेगवेगळे ऐकू येत होते. हे ज्याने इतक्या निगुतीने केले, त्या ध्वनिसंयोजकाचे नाव मला वाचायचे होते.

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे मराठीतले पहिले मानले जाणारे नाटक सादर केले ते याच सांगलीत. आजही नाटकाला गेले की पडदा उघडण्यापूर्वी नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा करणाऱ्यांची नावे घोषित होतात आणि प्रेक्षक ती शांतपणे ऐकून घेतात. जुन्या चित्रपटांतही श्रेयनामावली बहुधा आरंभीच असे. आता मोबाइलवर मालिका पाहावी, तर नावे कोपऱ्यात आक्रसतात आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

चित्रपटगृहांनी नावे संपेपर्यंत दिवे मंद ठेवावेत, एवढे मला मनापासून वाटते. तुमच्या गावी ती शेवटपर्यंत दाखवतात का?