रायरेश्वरावर लाकडाचा स्टोव्ह: जळण पुण्यातूनच न्या

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं नंतर. पाऊस जाऊन पुरता महिना झालेला नसताना "वर काटक्या मिळतीलच" या भरवशावर लाकडाचा स्टोव्ह घेऊन सह्याद्रीत जाऊ नका. आम्ही गेलो. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, भोरजवळचं रायरेश्वराचं पठार, आणि आम्ही चौघं: मी, माझी जाऊ, तिची कॉलेजातली लेक आणि माझा भाचा. संध्याकाळी सहाला पेटवायला घेतलेल्या स्टोव्हवरची खिचडी आम्ही रात्री सव्वानऊला खाल्ली. भात मऊ झाला होता आणि तूरडाळ दाताखाली कचकच वाजत होती.

स्टोव्ह ऑनलाइन मागवला होता, 1,450 रुपयांना. स्टीलचा, एकात एक बसणारे चार भाग, वजन किलोच्या आत. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं की ओल्या फांद्याही चालतात. हे साफ खोटं आहे आणि याच एका वाक्यामुळे आमची संध्याकाळ गेली. स्टोव्हची बनावट मात्र चांगली आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

याचं काम कसं चालतं ते कळलं नाही तर कोरडं लाकूडही वाया जाईल. डब्याला दोन भिंती असतात. बुडाच्या भोकांतून थोडी हवा लाकडाला मिळते, बाकीची दोन भिंतींच्या मधून तापत वर जाते आणि काठाजवळच्या भोकांतून आत येते. लाकूड तापलं की त्यातून जो धूर निघतो तो म्हणजे जळण्याजोगा वायूच असतो. वरून आलेली गरम हवा त्याला मिळाली की तोच पेट घेतो आणि भोकाभोकातून जाळाच्या जिभा आत वळलेल्या दिसतात. म्हणून हा स्टोव्ह चुलीसारखा खालून पेटवायचा नाही. आधी तुकडे भरायचे, वरच्या भोकांच्या खालीच थांबायचं आणि वरून पेटवायचा. जाळ हळूहळू खाली उतरतो. आम्ही पहिल्यांदा खालून कागद घालून पेटवला आणि डोळे चुरचुरेपर्यंत धूर खाल्ला.

निघण्याआधी गच्चीवर चाचणी घेतली होती. आमच्या पेठेतल्या सुताराकडून सागाचे उरलेले तुकडे आणले होते. लिटरभर पाणी नऊ मिनिटांत खळखळून उकळलं. इथेच आमची फसगत झाली, कारण ते लाकूड कित्येक वर्षं छपराखाली वाळलेलं होतं. चाचणी ज्या लाकडावर घ्याल तेच लाकूड सोबत न्या. सुताराकडून आणताना प्लायवूड, सनमायका चिकटवलेलं किंवा रंग दिलेलं काही घेऊ नका. त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर जेवणात जातो, छातीतही जातो.

जाण्याचं थोडक्यात. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून उजवीकडे भोर, पुढे आंबवड्यावरून कोर्ल्याच्या बाजूने वर. केंजळगड आणि रायरेश्वर यांच्यामधल्या खिंडीपर्यंत गाडी जाते. गाडी नसेल तर स्वारगेटहून भोरपर्यंत एसटी आहे, पण भोरच्या पुढचं वाहन आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. शेवटचा बाजारही भोरलाच. वर दुकान आहे असं समजू नका.

आता त्या मोळीबद्दल. वर चढायच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक माणूस जळण विकायला बसला होता. एक मोळी 350 रुपये. घासाघीस केली, तो एक रुपया उतरला नाही. वरवर पाहता लाकूड वाळलेलं वाटत होतं. साल करडी होती, हाताला कोरडी लागत होती. आम्ही घेतली. मोळी उचलताना भाचा म्हणाला, "मामी, ही जड आहे गं." तिथेच थांबायला हवं होतं. वाळलेलं लाकूड आकाराच्या मानाने हलकं लागतं. हे वजन पाण्याचं होतं आणि आम्ही पाण्याचे साडेतीनशे रुपये मोजले.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. वाळलेलं टणटण वाजतं, ओलं भद्द वाजतं. कापलेलं टोक बघा. वाळलेल्याला मधून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा पडलेल्या असतात, ओल्याचं टोक सपाट आणि गुळगुळीत असतं. आणि एक लाकूड विक्रेत्यासमोरच कोयत्याने फोडून आतल्या बाजूला गाल लावा. गार लागलं तर परत करा. तो रागावेल, रागावू दे.

मोळी घेऊन शिडी चढणं हा दुसरा त्रास. रायरेश्वराच्या कड्याला लोखंडी शिडी आहे. एरवी ती अवघड नाही, ज्याला सिंहगड न थांबता चढता येतो त्याला ही काहीच वाटणार नाही. पण पाठीवर आडवी बांधलेली मोळी कठड्यांत अडकते आणि माणसाला एका बाजूला ओढते. मोळी उभी बांधा, नाहीतर दोरीने वर ओढून घ्या. शिडीनंतर पठारावरून देवळापर्यंत अर्धा-पाऊण तास निवांत चाल आहे. वाटेत गोमुखाचं पाणी लागतं. तिथे भांडी घासू नका, तेच पाणी वरची माणसं पितात.

देवळाच्या पुढे जंगमांची घरं आहेत. तिथल्या एका मावशींकडे मुक्काम होता. अंगणात एका कातळाच्या तुकड्यावर स्टोव्ह मांडायची परवानगी त्यांनी दिली. पातेल्यात दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, हळद, मीठ, शेंगदाणे. आणि मग ती लाकडं.

मी फक्त एका लाकडाचं सांगते. बोटाएवढी जाड फांदी, निम्मी स्टोव्हच्या आत. आतलं टोक काळं पडलं, पण जाळ धरेना. तेवढ्यात बाहेरच्या कापलेल्या टोकाला बारीक बुडबुडे आले. मग पिवळसर फेस आला आणि सूं सूं असा आवाज सुरू झाला. फेसाचे थेंब कातळावर पडत होते. म्हणजे आमची आग खिचडी शिजवत नव्हती, लाकडातलं पाणी उकळत होती. असं प्रत्येक फांदीचं. भाच्याने फुंकून फुंकून चक्कर येईपर्यंत दम घालवला. फुंकणीही नव्हती, एका वहीची गुंडाळी करून फुंकत होता. कागद संपला, मेणबत्तीचे तुकडे संपले, जावेने पर्समधला खोबरेल तेलाचा छोटा डबा रिकामा केला. दर वेळी दोन मिनिटं जाळ, मग धूर. पठारावर अंधार आणि गारठा पडला, गवतावर दव उतरलं आणि उरलेली मोळी आणखी ओली झाली.

मावशी दोनदा दारात येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, वल्लं लाकूड हाय ते. पेटायचं न्हाई. कुणी दिलं तुमास्नी?" त्यांनी पडवीतून चार ढलप्या आणि अर्धी गोवरी आणून दिली. स्टोव्ह रिकामा करून नव्याने भरला, वरून पेटवला आणि पाच मिनिटांत त्या जिभा दिसायला लागल्या. मला खरंच रडू आलं, दमल्यामुळे असेल.

मावशींकडची ती पडवी बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छपरापर्यंत रचलेलं सरपण, पावसाळ्याच्या आधी वाळवून भरून ठेवलेलं. ते त्यांचं वर्षाचं जळण आहे. म्हणूनच सांगते, वरच्या घरांमधून लाकूड मागून काम चालवू असा विचार करूच नका. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी घेतले नाहीत. शेवटी आमच्याकडचा गूळ आणि चहा पावडर ठेवून आलो.

डाळ का राहिली याचं दुसरंही कारण आहे. पठार साडेचार हजार फुटांच्या आसपास उंच आहे. एवढ्या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात लवकर शिजत नाही. मूगडाळ घ्या आणि शिडीच्या खालीच डब्यात पाणी घालून भिजत टाका. वर पोचेपर्यंत ती अर्धी फुगलेली असते. आणि पातेल्यावर झाकण हवंच, वर एक दगड ठेवा.

दुसरा दिवस छान गेला. सात रंगांची माती बघितली, फुलं होती, सकाळी मावशींच्याच लाकडावर चहा अकरा मिनिटांत झाला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पुण्यातून काय न्यायचं ते मात्र सविस्तर सांगते. चौघांच्या एका जेवणाला आणि दोन चहांना दीड किलो कोरडं लाकूड पुरतं, दोन किलो घ्या. अंगठ्याएवढे जाड, बोटाएवढे लांब तुकडे घरीच करा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. नारळाच्या करवंट्या सगळ्यात उत्तम. त्या फोडून घ्या, जाळ मोठा देतात आणि मागे चांगले निखारे राहतात. पेटवायला जुन्या सुती कापडाच्या चिंध्या तेलात बुडवून एका डबीत. फुंकणी बोहरी आळीत सहज मिळते. ती विसरू नका, तोंड जाळाजवळ नेऊन फुंकणं धोक्याचं आहे. बसायला पाट किंवा गोणपाट घ्या, तीन तास उकिडवं बसून माझे गुडघे दोन दिवस दुखत होते.

माझ्या दिरांकडे सराई कुकर आहे, आपल्या पुण्यातल्याच आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेने तयार केलेला. याच संस्थेला 2002 मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. त्या कुकरमध्ये कोळशाच्या थोड्याशा कांड्यांवर वरण, भात, भाजी एकदम होते आणि धूर नसतो. गाडी अगदी जवळ जात असेल तर मी तोच नेईन. पाठीवरून न्यायला मात्र तो मोठा आहे. आणि कोळसा असो वा लाकूड, तंबूत किंवा बंद खोलीत पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

वाटेत काटक्या गोळा करणार असाल तर झाड ओळखून घ्या. बिब्बा उततो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या लाकडाचा धूरही अंगावर उठतो. शेर या निवडुंगासारख्या झुडपाच्या फांद्या तोडू नका, चीक डोळ्यात गेला तर दवाखानाच गाठावा लागतो. कण्हेरीच्या काडीने खिचडी ढवळायची नाही, ती विषारी आहे. जिवंत झाडाची फांदी तर कुठलीच तोडायची नाही.

आणि आग कुठे पेटवायची हे आधी विचारा. राखीव जंगलात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, अभयारण्यातही मनाई आहे. गडावरच्या देवळात, वाड्याच्या जोत्यावर, तटाला लागून पेटवू नका, दगड काळे पडतात आणि ते डाग जात नाहीत. फेब्रुवारीपासून पुढे, गवत वाळल्यावर, हा स्टोव्ह मी डोंगरावर नेणारच नाही. एक ठिणगी उडाली की अख्खा उतार वणव्यात जातो. म्हणजे खरा हंगाम डिसेंबर आणि जानेवारी, तोही घराच्या अंगणात नाहीतर उघड्या कातळावर.

राखेचं काम शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वरून विझलेली दिसते, आत आर, म्हणजे जिवंत निखारा, असतो. आम्ही रात्री पाणी ओतलं, काडीने ढवळलं, पुन्हा ओतलं आणि सकाळी हात घालून बघितलं तरी मधे एक ढलपीचा तुकडा कोमट होता. तो पाण्याच्या तांब्यात टाकला, चर्र झालं नाही, तेव्हाच राख मावशींच्या उकिरड्यावर टाकली. पातेल्याला पेटवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा लेप द्या, काजळी त्यावर बसते आणि लेपासकट धुऊन जाते. आम्ही तो दिला नव्हता. पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं तरी भाच्याची सॅक आतून काळी झाली आहे. दोनदा धुतली, डाग तसाच आहे.